विजेची मात्रा

आमच्या हिंगण्यात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचे नाव येथे घेत नाही. त्यांना ते आवडायचे नाही. गावातल्या निदान दोन पिढ्यांनी त्यांच्या हाताखाली बाराखडी गिरवली. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेच्या मोठ्या फळ्यावर रंगीत खडूंनी शुभेच्छा लिहिण्याचा मान त्यांचा, आणि निवृत्तीनंतरही तो कोणी त्यांच्याकडून काढून घेतला नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्यांनी असाच फळा लिहिला. पहिले अक्षर नेहमीसारखे टपोरे आले. पुढची अक्षरे मात्र ओळीबरोबर बारीक होत गेली, आणि शेवटची तर मुंग्यांची रांग चालावी तशी दिसू लागली. मुले हसली; गुरुजीही हसले. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या उजव्या हाताची बोटे, हात मांडीवर स्वस्थ असताना, जपमाळ ओढावी तशी हलू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केले : कंपवात. अक्षर असे आक्रसत जाणे हे या रोगाचे ओळखीचे लक्षण असते, हे आम्हांला तेव्हा कळले.

गोळ्यांवर काही वर्षे बरी गेली. मग गोळीचा अंमल असेपर्यंत हात मोकळा, आणि तो उतरला की सारे अंग लाकडासारखे, असे सुरू झाले. तेव्हा डॉक्टरांनी मेंदूत बारीक तार बसवून विजेने उपचार करण्याची गोष्ट काढली. त्याच संध्याकाळी गुरुजींचा मुलगा माझ्याकडे आला. "सर, डोक्यात वायर घालतात म्हणते डॉक्टर. तो शॉकच होय का जी?" त्याच्यामागे काकू उभ्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ फार वर्षांपूर्वी वेडाच्या भरात घरातून निघून गेला होता, आणि सापडल्यावर त्याला परजिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नेले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "माह्या भावाले चार जणायनं दाबून धरलं होतं. आता यायच्या डोक्यात वीज घालता काय?"

मला उत्तर देता आले नाही. मी शाळेत शिकवणारा आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. वैद्यकाशी माझा संबंध रोग्यापुरताच. पण काकूंचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा दिसले की 'शॉक' या एका शब्दात आपण निरनिराळ्या गोष्टी कोंबून ठेवल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करायच्या तर इतिहासात बरेच मागे जावे लागते.

हा शब्द आमच्या भागात कानावर पडतो तो एका चौकासह. नागपुरात छिंदवाडा मार्गावर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याची स्थापना १८६४ सालची, म्हणजे नागपूर प्रांत इंग्रजांच्या हाती जाऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची. त्याच्या जवळच्या चौकाला लोक अजूनही 'पागलखाना चौक' म्हणतात. वर्गात एखादा मुलगा वेड्यासारखा वागला की दुसरा हमखास ओरडतो, "याले शॉक देऊन आणा रे!" थट्टेतले हे बोलणे पुढे भीतीचे रूप घेते, आणि घरात खरोखरच कोणी आजारी पडले की ती भीती दवाखान्याच्या आणि आपल्या मध्ये भिंतीसारखी उभी राहते.

रोग्याच्या डोक्याला वीज लावण्याची कल्पना मात्र त्या चौकाहून फारच जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर एक उपाय लिहून ठेवला : समुद्रात एक मासा असतो, त्याला हात लावला की झिणझिण्या येतात, तो जिवंत मासा दुखऱ्या जागी ठेवावा. वीज म्हणजे काय हे ठाऊक नसताना तिचे औषध झाले, ते असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडवून दाखवले, आणि स्नायू व मज्जातंतू यांत विजेचा खेळ चालतो हे पुढे आले. त्याचा भाचा अल्दिनी याने एक पाऊल पुढे टाकले. १८०१ साली बोलोन्यात एका खिन्न होऊन बसलेल्या शेतकऱ्याच्या डोक्याला त्याने बॅटरीची वीज लावली, आणि तो सुधारला अशी नोंद केली. मौज अशी की हा प्रयोग अल्दिनीने आधी स्वतःच्या डोक्यावर करून पाहिला होता, आणि नंतर काही दिवस त्याला झोप आली नव्हती. याच अल्दिनीने १८०३ साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतावर वीज सोडली, तेव्हा प्रेताचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. पाहणाऱ्यांची बोबडी वळली असेल यात नवल नाही. उपचार आणि तमाशा यांतली सीमा अजून कोणी आखलेलीच नव्हती.

मेंदूच्या कोणत्या भागाला स्पर्श केला असता शरीराचा कोणता भाग हलतो, हे प्रथम कळले १८७० साली. फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघा जर्मन संशोधकांनी बर्लिनमध्ये हिट्झिगच्या राहत्या घरात एका कुत्र्याच्या उघड्या मेंदूला सौम्य वीज लावली, आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. चारच वर्षांनी, १८७४ साली, अमेरिकेत सिनसिनाटी येथे रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरने हेच माणसावर केले. मेरी रॅफर्टी नावाची एक गरीब मोलकरीण त्याच्याकडे आली होती. जखम सडून तिची कवटी कुरतडली गेली होती आणि मेंदू उघडा पडला होता. त्याने त्यात सुया खुपसून वीज सोडली. हात हलला, पाय हलला. वीज वाढवली तेव्हा तिला वेदना झाल्या, झटका आला, आणि काही दिवसांत ती मरण पावली. तिचा रोग असाध्य होता हे खरे. पण हा प्रयोग तिच्या रोगावरचा इलाज नव्हताच. त्या काळच्या डॉक्टरांनीही बार्थोलोला दोष दिला, आणि त्याला खेद व्यक्त करावा लागला. ज्ञानात भर पडली, पण ज्या बाईच्या जिवावर ती पडली, तिच्या बाजूने बोलायला तिथे कोणीच नव्हते.

आता काकूंच्या भावाला दिला गेला त्या शॉककडे येऊ. त्याची सुरुवात विजेने झाली नाही. झाली ती आपल्या देवघरातल्या कापराने. हंगेरीत बुडापेस्टला मेडुना नावाचा डॉक्टर होता. फेफरे आणि वेड ही दोन एका शरीरात सहसा नांदत नाहीत, असा त्याचा समज झाला होता. समज चुकीचा होता; पण त्याच्या आधाराने १९३४ च्या जानेवारीत त्याने वर्षानुवर्षे निश्चल पडलेल्या एका रोग्याला तेलात मिसळलेला कापूर टोचला आणि मुद्दाम फेफरे आणले. काही रोगी खरोखरच सुधारले. पुढे कापराऐवजी कार्डियाझोल नावाचे औषध आले, तेव्हा सुई टोचल्यापासून झटका येईपर्यंतच्या क्षणांत रोग्याला मरणाची भीती वाटे, आणि पुन्हा सुई पाहिली की तो पळू लागे. त्यावर तोड काढली इटलीच्या चेर्लेत्ती आणि बिनी यांनी. कत्तलखान्यात डुकरांना विजेने बेशुद्ध करतात हे पाहून त्यांनी सुरक्षित प्रमाणाचा अंदाज घेतला, आणि १९३८ च्या एप्रिलमध्ये रोमच्या रेल्वे स्टेशनावर भरकटत सापडलेल्या एका माणसाच्या कानशिलांना तारा लावून वीज सोडली. दहा-अकरा वेळांनंतर तो शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला. त्यालाही आधी विचारलेले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हा उपचार हिंदुस्थानच्या मनोरुग्णालयांत पोहोचला. त्या वेळची आपली स्थिती काय होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा असल्याचे नमूद आहे. आजच्यासारखी औषधे नव्हती; या रोगांवरचे पहिले परिणामकारक औषध १९५२ साली आले. अशा वेळी स्वस्त, झटपट आणि बऱ्याच जणांना गुण देणारा उपाय हाती आला, तर डॉक्टरांनी तो वापरला यात दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो पुढे. १९५० नंतर लवकरच भूल देऊन आणि स्नायू शिथिल करणारे औषध टोचून हा उपचार करण्याची रीत आली. रोगी झोपलेला असतो. अँपिअरहूनही कमी वीज काही सेकंद दिली जाते. झटका मेंदूत येतो, शरीर जवळपास शांत राहते. तथापि भूल देणारा डॉक्टर नाही, पैसा नाही, वेळ नाही, या सबबीवर आपल्याकडच्या कित्येक ठिकाणी जाग्या माणसाला दाबून धरून शॉक देणे अर्धे शतक चालू राहिले. दात तुटले, मणके मोडले. काकूंनी पाहिले ते हे.

आणि तरीही सांगितले पाहिजे की नीट भूल देऊन केलेला हा उपचार आजही टाकाऊ ठरलेला नाही. खोल नैराश्यात माणूस अन्नपाणी सोडतो, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, जिवावर उदार होतो. अशा वेळी याच्याइतका लवकर गुण देणारे दुसरे साधन फारसे नाही. त्याची किंमत म्हणून काही आठवणी पुसट होतात. बहुतेकांच्या परत येतात, काहींच्या येत नाहीत. ही किंमत रोग्याला आधी सांगितलीच पाहिजे.

गुरुजींना सुचवलेली वस्तू मात्र या घराण्यातली नव्हे. तिचे मूळ मेंदूच्या शस्त्रक्रियेत आहे. कॅनडात माँट्रियल येथे १९३४ साली उघडलेल्या संस्थेत वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यवैद्य फेफऱ्याच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करीत. मेंदूला स्वतःला वेदना नसते. म्हणून ते रोग्याला जागे ठेवून मेंदूच्या निरनिराळ्या भागांना अगदी सौम्य वीज लावत, आणि काय वाटते ते त्यालाच विचारीत. हात कुठला, जीभ कुठली, बोलणे कुठले, याचा नकाशा अशा शेकडो रोग्यांच्या उत्तरांतून तयार झाला. येथे रोगी हा प्रयोगाचा विषय न राहता वाटाड्या झाला. या पेनफिल्डांच्या हाताखाली शिकून आपले दोन डॉक्टर परत आले. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोरला देशातला मेंदूशल्यक्रियेचा पहिला विभाग उघडला, आणि डॉ. राम गिंडे हे मुंबईत या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झाले.

कंपवाताचे शास्त्रीय वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. या रोगात मेंदूतले डोपामिन नावाचे द्रव्य आटत जाते, हे कळायला १९६० साल उजाडावे लागले. त्यानंतर लेव्होडोपा हे औषध आले. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य असते, आणि जुन्या वैद्यांनी कंपवातावर ती वापरली, हे विशेष. पण औषध पुरेनासे झाले तर? त्या काळचे शल्यवैद्य मेंदूतला एक लहानसा ठिपका जाळून कंप थांबवीत. मद्रासला डॉ. राममूर्ती, डॉ. बालसुब्रह्मण्यम आणि डॉ. कनका यांनी या शस्त्रक्रियेत मोठे नाव मिळवले. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी सुईच्या टोकाने वीज लावून पाहत. फ्रान्समध्ये ग्रेनोब्ल येथे १९८७ साली डॉ. बेनाबिद यांच्या ध्यानात आले की विजेचे ठोके सेकंदाला शंभराच्या आसपास नेले की कंप जागच्या जागी थांबतो. मग जाळायचे कशाला? तारच आत ठेवावी! जाळलेले परत येत नाही. तारेची वीज मात्र कमीजास्त करता येते, बंदही करता येते. केवळ पडताळणीसाठी लावलेली वीजच औषध ठरली.

तार दीड मिलिमीटरहूनही बारीक. तिचे टोक मेंदूच्या खोल भागातल्या पावट्याच्या दाण्याएवढ्या केंद्रात जाऊन बसते. दुसरे टोक कातडीखालून गळ्याच्या हाडाखाली ठेवलेल्या लहान डबीला जोडतात. त्या डबीतून सेकंदाला सुमारे १३० ठोके जातात, आणि प्रत्येक ठोका सेकंदाच्या अगदी अल्प भागापुरता टिकतो. वीज म्हणाल तर शॉकच्या उपचारातल्या विजेच्या शंभराव्या हिश्श्याच्या घरातली. झटका येत नाही, शुद्ध जात नाही. आपल्या वैद्यकात 'मात्रा' हा शब्द आहे; तोच येथे लागू पडतो. वीज तीच, पण मात्रा आणि जागा बदलली की तिचा गुण पार पालटतो. अमेरिकेत १९९७ साली हिला कंपासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी त्याच दशकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया सुरू केली. आजवर जगात दोन लाखांहून अधिक लोकांच्या डोक्यात अशा तारा बसल्या आहेत. २०२५ साली तर मेंदूची हालचाल ओळखून आपली वीज आपणच कमीजास्त करणाऱ्या डबीला अमेरिकेत मान्यता मिळाली. खर्च मात्र कित्येक लाखांचा, हेही सांगून ठेवतो.

साहजिकच पुढचा प्रश्न आला, की हात शांत होतो तर मन का होऊ नये? २००५ साली टोरोंटोला डॉ. हेलन मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कशालाच दाद न देणाऱ्या नैराश्याच्या सहा रोग्यांना तार बसवली. चौघांना चांगला गुण आला. जगभर आशा उसळली. पण मोठ्या प्रमाणावर, कोणाची तार चालू आहे आणि कोणाची बंद हे झाकून ठेवून परीक्षा घेतली, तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक दिसेना, आणि २०१३ च्या सुमारास ती परीक्षा अर्ध्यावर थांबवावी लागली. काहींना कालांतराने गुण आलाही. म्हणून शोध सोडलेला नाही. मन हे हाताहून अवघड प्रकरण आहे, एवढेच यावरून म्हणावे. दरम्यान, कवटीला हातही न लावता बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने मेंदूत सौम्य वीज उत्पन्न करण्याची रीत निघाली. १९८५ साली इंग्लंडात शेफील्डला डॉ. बार्कर यांनी ती दाखवली, आणि २००८ साली अमेरिकेत ती नैराश्यासाठी मान्य झाली. २०२२ पासून तिचा पाच दिवसांत आटोपणारा, रोज दहा बैठकींचा प्रकारही तिथे मान्य आहे. ही रीत आपल्या मोठ्या शहरांतही आता मिळते, आणि तिलाही घरोघर 'शॉक'च म्हणतात!

मात्रेची आणि जागेची ही गोष्ट झाली. पण मेरी रॅफर्टीपासून रोमच्या स्टेशनावरच्या माणसापर्यंत, आणि त्याच्यापासून काकूंच्या भावापर्यंत, तिसरी एक गोष्ट राहूनच गेली होती : ज्याचे डोके, त्याला विचारले का? आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयात गेला तो एका आगीनंतर. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. त्याच वर्षी 'सार्थक' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि तिच्या मागण्यांत भुलीशिवाय दिला जाणारा शॉक बंद करावा ही एक होती. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनीही हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. अखेर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांवाचून शॉक देण्यास त्याने मनाई केली. तातडीच्या नावाखाली शॉक देता येणार नाही असे सांगितले. साखळीने बांधण्यास बंदी घातली. आणि मनोविकारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची समजून दिलेली संमती आणि मंडळाची मंजुरी या दोन्ही हव्यात असे ठरवले. मुंबईत २०२३ साली दीर्घ नैराश्याच्या एका रुग्णाला मेंदूत तार बसवली गेली, ती अशी मंजुरी मिळाल्यावरच. मंजुरीला वेळ लागतो. लागू द्यावा.

हे सारे मी गुरुजींच्या घरी जाऊन सांगितले. मुलाने खर्चाचा हिशेब विचारला. गुरुजी शांतपणे ऐकत होते. काकू म्हणाल्या, "ते सगळं ठीक हाय. पण यायले कोणी विचारलं का?" आणि खरोखर, तोवर आम्ही सगळे त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर बसून बोलत होतो. गुरुजी हळूच म्हणाले, "जागं ठेवतात म्हणता ना? मग मीच सांगीन त्यायले, हात थांबला का नाही ते."

दोन वर्षांपूर्वी त्यांची शस्त्रक्रिया झाली. टेबलावर त्यांना कागदावर गोल गोल वळणे काढायला लावली होती; वीज जागेवर बसली तसे ते वळण नीट येऊ लागले. सर्वच सुधारले असे नाही. तोल अजून जातो, आवाज खोलच राहिला आहे. ही दोन दुखणी तारेला फारशी जुमानत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. गोळ्या कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. काकू अजूनही डबीवर हात ठेवून पाहतात, तापली तर नाही ना म्हणून.

गेल्या दिवाळीत सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलांनी त्यांना शाळेत आणले. एका मुलाने खुर्ची धरली, दुसऱ्याने खडू दिला. अक्षरे पूर्वीसारखी टपोरी आली नाहीत. पण ओळीच्या शेवटचे अक्षर पहिल्याएवढेच होते.